चंचल मन आणि कचेरीचे काम

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांपुढे एक अडचण मांडली आहे. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे दुष्कर वाटते, अशी ती अडचण. नेम धरताना पक्ष्याच्या डोळ्यावाचून दुसरे काही न पाहणाऱ्या धनुर्धराचे हे गाऱ्हाणे आहे. भगवंतांनी त्याला दटावले नाही. मन आवरण्यास कठीण आहे हे त्यांनी प्रथम मान्य केले आणि मगच अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले. आधी दुःख मान्य करावे, मग उपाय सांगावा, हा क्रम आपण आपल्या घरांत पाळतो काय, हा विचार आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे नांदत आहेत. वडीलधाऱ्यांनी मागावर उभे राहून संसार केले. मुले आता कापड बाजारातील पेढ्यांवर आणि ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांत संगणकापुढे बसतात. बिले, चलने, परत आलेल्या मालाच्या नोंदी, उधारीचे तगादे, जीएसटीची विवरणपत्रे, असे हे काम. येथे अंगमेहनत थोडी, पण अवधान मात्र दिवसभर लागते. आणि कित्येक तरुणांचे नेमके येथेच अडते. बिलातील आकडे उलटसुलट पडतात, अर्धे काम टाकून दुसरे हाती घेतले जाते, शेठजींनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकच ध्यानात राहते. दोन वर्षांत तिसरी नोकरी सुटते. मग आईबाप मुलाची पत्रिका घेऊन आमच्या वडिलांकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, पोरगा हुशार आहे, पण लक्ष नाही. कोणती शांत करावी?"

अशा प्रत्येकास रोग असतो असे नव्हे. परंतु काहींना असतो, आणि त्यास वैद्यकात नाव आहे. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० साली अवधानाच्या न्यूनतेचा विकार म्हणून त्याची नोंद झाली. पुढे १९८७ साली अतिचंचलतेचा उल्लेख त्यात जोडला गेला. आज त्यास एडीएचडी म्हणतात. तो मेंदूच्या वाढीशी निगडित आहे, बालपणीच त्याची चिन्हे दिसतात आणि पुष्कळदा तो घराण्यातून येतो. बुद्धीच्या मंदपणाशी किंवा आईबापांच्या संस्काराशी त्याचा संबंध नाही. मोठेपणी धावपळ ओसरते, पण विसराळूपणा, वेळेचा अंदाज चुकणे, कामास हात घालणेच न होणे, हे मागे उरते. मुलींमध्ये तर धावपळ बहुधा दिसतच नाही. त्या नुसत्या हरवल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांचा विकार वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे आळसाला दिलेले नवे नाव आहे. त्यांनी पतंजलींचे योगसूत्र पाहावे. चित्ताला विक्षेप करणारे नऊ अंतराय तेथे मोजले आहेत. त्यांत व्याधी पहिला आहे, आळस निराळा मोजला आहे, आणि लाभलेल्या स्थितीत न टिकणे, म्हणजे अनवस्थितत्व, हेही निराळे मोजले आहे. ऋषींनी ज्या तीन गोष्टी तीन ठिकाणी ठेवल्या, त्या आपण एका 'आळशी' या शब्दात कोंबाव्यात, हा न्याय नव्हे.

नाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एका पैचा हिशेब लागेना, म्हणून ते रात्रभर वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, असे परंपरा सांगते. ही कथा सांगून आपण विसराळू कारकुनास लाजवितो. पण कथा नीट ऐकावी. रात्र होती, दिवा एक होता, प्रश्न एकच होता आणि मध्येच हाक मारणारे कोणी नव्हते. नाथांची थोरवी निर्विवाद आहे. तरी एकाग्रतेस जागाही अनुकूल लागते, हेही त्या कथेत आहे. ज्यांना हा विकार आहे त्यांनाही आवडीचे काम मिळाले तर तहानभूक विसरून ते बसतात. घरचे म्हणतात, "तेव्हा बरे लक्ष लागते!" लागते, हे खरे. अवधान त्यांच्यापाशी असते, पण ते हुकमी नसते.

ज्ञानेश्वर माउलींनी याच सहाव्या अध्यायावर बोलताना मनाचा एक चांगला गुण दाखविला आहे: जेथे गोडी लाभते तेथे ते सोकावते. म्हणून त्याला मारून बसवू नये, गोडी दाखवीत न्यावे. चंचल मनाच्या माणसाने हे सूत्र कचेरीत न्यावे. दोनशे बिलांचा ढीग पाहून मन पळते; वीस बिले वेगळी काढावीत, ती संपताच उठून पाणी प्यावे, मग पुढील वीस घ्यावीत.

दुसरी शिकवण आपल्या देवघरातच आहे. पूजेस बसणारा स्वतःच्या स्मरणावर विसंबत नाही. साहित्य आधी मांडलेले असते. सोळा उपचारांचा क्रम ठरलेला असतो. प्रारंभी संकल्पात स्थळ, काळ आणि करावयाचे कर्म मोठ्याने उच्चारले जाते. जपाची संख्या बोटांतील मणी मोजतात, आणि मेरुमणी लागला की माळ पूर्ण झाली हे आपोआप कळते. मन निसटणारच हे जाणून पूर्वजांनी त्याचा भार हातावर, वाणीवर आणि वस्तूंवर वाटून दिला आहे.

कचेरीतही तसेच करावे. मेजावर त्या घटकेच्या कामाचेच कागद ठेवावेत. भ्रमणध्वनी खणात ठेवावा. सांगितलेले काम एकाच वहीत तत्काळ लिहावे आणि "शेठजी, हे असे करायचे ना?" म्हणून परत म्हणून दाखवावे. काम सोडून उठावे लागले, तर कोठवर आलो ते चिठ्ठीवर लिहून मगच उठावे. जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा महिन्याच्या ११ आणि २० असतील, तर आपल्या वहीत त्या ८ आणि १७ लिहाव्यात व गजर लावावा. आकडे सोबत्यास वाचून दाखवावेत. सोबती शेजारी आपले काम करीत बसला, तरीही मन पुष्कळ थाऱ्यावर राहते. गीतेने युक्त आहाराबरोबर युक्त निद्राही सांगितली आहे. अपुऱ्या झोपेने हा विकार दुप्पट भासतो.

एवढ्याने न भागल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. लाज धरू नये. निद्रानाश, उदासीनता, थायरॉइडचा दोष यांनीही लक्ष उडते, म्हणून निदान त्यांनीच करावे. मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधे पुष्कळांस उपयोगी पडतात, पण ती वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. मित्राची गोळी घेऊ नये. आपल्या सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय व महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे मानसोपचाराची सोय आहे. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. शांत अवश्य करावी, देव कोणास नको म्हणत नाही. मात्र शांतीच्या नावाखाली औषध टाळू नये.

शेवटची विनंती वडीलधाऱ्यांस. असा मुलगा रोज दोन लढाया लढतो, एक कामाशी आणि एक अपमानाशी. पहिलीत आपण फार साहाय्य करू शकणार नाही. दुसरी मात्र आपल्याच हाती आहे. "तुझे लक्ष कोठे असते?" हा प्रश्न त्याने स्वतःलाच हजारदा विचारलेला असतो. त्याऐवजी "वहीत लिहिलेस का?" एवढेच विचारावे, आणि लिहिले असेल तर शाबासकी द्यावी. मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून परत आणावे, असे भगवंत सांगतात. किती वेळा आणावे, याची संख्या त्यांनी घातलेली नाही. आपणही मोजू नये.

सर्वांस सद्बुद्धी व धीर लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.