आठ फुटांचे, सहा वर्षांचे मूल

मुलांनी टीव्हीवर काय पाहावे, ही चर्चा आता दोन खुंट्यांना बांधली गेली आहे. पहिली खुंटी तासांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास असे सांगितले आणि पालक घड्याळ लावून बसले. त्या तासाभरात पडद्यावर काय होते, हे विचारायचे राहून गेले. या खुंटीबद्दल अधिक बोलण्यासारखे काही नाही.

दुसरी खुंटी अधिक विद्वान दिसते, म्हणून अधिक घातक आहे. प्राण्यांना माणसांसारखे बोलायला, वागायला लावले की मुलांचे आकलन बिघडते, असे ती सांगते. बोलणारा ससा, शाळेत जाणारे अस्वल, गल्लीत राहणारा सिंह ही सगळी मोठ्यांची भाबडी हौस आहे, मुलांना ‘खरे’ द्यावे, असा हा आग्रह. पालकत्वावरच्या सदरांतून तो हल्ली संशोधनाचा हवाला देऊन मांडला जातो. हवाला खोटा नाही. टोरोंटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तके वाचून दाखवली. त्यांत गिनीपिगच्या जातकुळीतला केव्ही होता, समुद्रतळावर परांनी चालणारा हँडफिश होता. प्राणी माणसांसारखे बोलतात-वागतात अशी भाषा ज्या पुस्तकांत होती, ती ऐकलेल्या मुलांच्या हाती प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी लागली आणि माणसाचे गुण ती प्राण्यांना अधिक चिकटवू लागली. पुढे याच गटाने वाटून घेण्याच्या गोष्टीवर प्रयोग केला. एका गटाला रॅकूनची गोष्ट, दुसऱ्याला तीच गोष्ट माणसांच्या चित्रांसह. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपल्या वाट्याचे स्टिकर दुसऱ्यासाठी अधिक काढून ठेवले. रॅकूनच्या गोष्टीने तो परिणाम साधला नाही.

या निष्कर्षांना हात न लावता त्यांवर उभारलेला इमला मात्र तपासायला हवा. पहिल्या प्रयोगातली पुस्तके प्राण्यांची माहिती देणारी होती. माहिती आणि कल्पना एकाच वाक्यात, एकाच सुरात सांगितल्या, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते याची खूण ठेवली नाही, तर चार वर्षांचे मूल गोंधळणारच. मोठी माणसेही गोंधळतात. दोष प्राण्याच्या बोलण्याचा नाही, खूण पुसण्याचा आहे. दुसरा प्रयोग तर त्याचा हवाला देणाऱ्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो. तो करता आला, कारण रॅकूनच्या जागी माणसाचे मूल बसवले तरी गोष्टीचे काहीच अडत नव्हते. म्हणजे ज्या गोष्टीत प्राणी निव्वळ सजावट आहे, त्या गोष्टीचीच ही परीक्षा झाली. शिवाय त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्या मुलांनी त्या प्राण्यांना अधिक माणूसपण बहाल केले, त्यांनी अधिक वाटले. मुलाने प्राण्याला जवळ केले की गोष्ट पोचते, चित्र म्हणून लांब ठेवले की पोचत नाही. हा निष्कर्ष सदरांमध्ये कुणी उद्धृत करत नाही.

आता प्रश्न असा की प्राणी सजावट नसतो तेव्हा काय होते? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या कार्यक्रमात शोधावे. तिथे हा वाद कार्यक्रम सुरू होण्याआधीच झाला होता.

१९६९ च्या जुलैमध्ये, प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या चार महिने आधी, निर्मात्यांनी पाच चाचणी भाग तयार करून फिलाडेल्फियात मुलांना दाखवले. बालमानसतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट होता: कल्पना आणि वास्तव यांची सरमिसळ नको. म्हणून बाहुलीकार जिम हेन्सनच्या बाहुल्या वेगळ्या, कार्यक्रमातल्या रस्त्यावरची खरी माणसे वेगळी. एडवर्ड पामर या संशोधकाची मोजणीची रीत साधी होती. टीव्हीच्या शेजारी एक स्लाइड प्रोजेक्टर, त्यातली चित्रे दर साडेसात सेकंदांनी बदलणारी. मुलाची नजर टीव्हीवरून प्रोजेक्टरकडे कधी वळते, ते टिपायचे. बाहुल्या असताना नजर खिळून राहायची, रस्त्यावरची माणसे बोलू लागली की उडायची. जो भाग कार्यक्रमाला एकत्र बांधणार होता, नेमका तोच भाग मुले सोडून देत होती.

निर्मात्यांनी तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला. रस्त्यावर राहील, माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहील असा कुणीतरी हवा होता. त्यातून कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर आला आणि आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा पक्षी आला, बिग बर्ड. १० नोव्हेंबर १९६९ च्या पहिल्या भागापासून तो त्या रस्त्याचा रहिवासी आहे.

सुरुवातीला बिग बर्ड गावंढळ, धांदरट पात्र होते, मोठ्या माणसाचे विनोदी रूप. पोशाखाच्या आत उभे राहणाऱ्या कॅरोल स्पिनी यांनी आग्रह धरला की हा पक्षी मूल असायला हवा. मग तो सहा वर्षांचा झाला आणि एक विलक्षण गोष्ट घडली. अंगाने रस्त्यावरच्या सगळ्या मोठ्यांहून उंच, समजेने सगळ्यांहून लहान. आपल्याला येत नाही, आपण चुकतो, आपल्याला कुणी नीट सांगत नाही, हे सगळे आता एका प्रचंड देहात भरलेले होते. घरातले मूल नेहमी मान वर करून बघते, इथे मोठ्यांना मान वर करून एका मुलाशी बोलावे लागत होते. या पक्ष्याच्या जागी सहा वर्षांचा खरा मुलगा उभा करून बघा. रॅकूनच्या गोष्टीसारखी अदलाबदल इथे होत नाही. मुलगा उभा केला की उरते फक्त मोठ्यांनी लहानाला समजावणे, आणि त्यापासून तर मुले फिलाडेल्फियात नजर वळवत होती.

त्या पिसांच्या आत काय चालते हेही सांगायला हवे, कारण या लेखाचा सगळा भार तिथे आहे. हजारो रंगवलेल्या टर्कीच्या पिसांच्या त्या पोशाखातून बाहेरचे काही दिसत नाही. नट उजवा हात डोक्यावर ताठ उभा धरतो, त्या हातानेच पक्ष्याची चोच हलते आणि करंगळीने पापण्या. डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात हात नसतोच. तो मासे धरायच्या दोरीने गळ्याखालून डाव्या पंखाला जोडलेला असतो, त्यामुळे डावा खाली गेला की उजवा वर येतो. छातीवर एक छोटा मॉनिटर बांधलेला, त्यात नटाला प्रेक्षकांना दिसतो तसाच पक्षी दिसतो. संवादाचे कागदही आतच चिकटवलेले. जवळजवळ आंधळा, एका हाताने तोलून धरलेला, समोरच्या माणसाच्या आवाजाच्या रोखाने मान वळवणारा माणूस. स्पिनी यांनी १९६९ पासून २०१५ पर्यंत हे केले, पुढे २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत फक्त आवाज दिला. तो पक्षी जिथे उभा असतो तिथे जागा अडते, मागे वळताना त्याला वेळ लागतो, दारातून जाताना त्याला वाकावे लागते. चित्रपटातल्या रेखाचित्राला हे काहीच लागत नाही. आणि मूल हे बरोबर हेरते: इथे कुणीतरी आहे.

पण मग मुलाची फसवणूक होते का? विरोधकांच्या मनात खरा धसका हाच आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठी मराठीने एक जोडी आयती ठेवली आहे. आपण ती एका दमात उच्चारतो आणि त्यामुळेच तिच्यातला फरक विसरतो: सोंग आणि ढोंग. सोंग घेणाऱ्याला ते सोंग आहे हे ठाऊक असते आणि बघणाऱ्यालाही. दोघे मिळून ते तोलून धरतात. ढोंगात एकालाच ठाऊक असते. झोपेच्या सोंगासारख्या प्रयोगांत भाषेने ही रेघ पुसट केली आहे, हे मान्य. तरी रेघ आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात रात्री सोंगे नाचत येतात तेव्हा कोणते सोंग कोणत्या घराचे हे गावाला माहीत असते, पोरांनाही. तरी मुखवटा समोर आला की पोरे मागे सरतात आणि परत पुढे येतात. दशावतारात सोंडेचा गणपती रंगमंचावर येतो, त्याला हात जोडणाऱ्यांनी तोच नट संध्याकाळी स्वतःची ट्रंक उचलून आणताना पाहिलेला असतो. माहीत असणे आणि मानणे यांचे भांडण आहे, असे यातल्या कुणालाच वाटत नाही.

सेसमी स्ट्रीटच्या चित्रीकरणातही हेच वारंवार घडले आहे. बाहुली चालवणारा माणूस मुलाच्या पुढ्यात, खाली, उघड पडलेला असतो. मूल त्याला बघते आणि मग बाहुलीशी बोलू लागते. तीन-चार वर्षांच्या त्या मुलाला ‘खरे काय’ हे कुणी शिकवायची गरज नसते. ते सोंगात आपला वाटा उचलत असते.

चेहरा झाकला की फसवणूक आणि दिसला की प्रामाणिकपणा, असाही एक समज आहे. १९८६ च्या ‘झूबिली झू’ या अमेरिकी बालमालिकेत ब्रॉडवेचे नट बेन व्हेरीन रंगवलेल्या चेहऱ्याने बिबट्या झाले होते, सहकारीही तसेच, प्रत्येकाचा माणसाचा चेहरा नीट दिसणारा. त्यात लपवाछपवी नव्हती. पण पासष्ट भागांत प्राणी असण्याने त्यांचे काही अडले नाही आणि काही साधलेही नाही. तिथे प्राणी रंगापुरते आले, रॅकूनच्या पुस्तकासारखे. दशावतारी नटाचाही चेहरा दिसतो आणि सोंग पुरे उभे राहते, तेव्हा चेहऱ्याचा मुद्दा गौणच आहे. ‘बनाना स्प्लिट्स’ या कार्यक्रमातल्या पोशाखी प्राण्यांचा धांगडधिंगा किंवा बार्नी या टीव्हीवरच्या डायनोसॉरचे अखंड हसू यांच्याबद्दल इतकेच म्हणता येईल की कधीच न चुकणाऱ्या प्राण्याजवळ मुलाला करण्यासारखे काही नसते. आपल्याकडे २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’ ही सेसमी स्ट्रीटची भारतीय आवृत्ती आली तेव्हा गल्लीत पूर्ण अंगाच्या पोशाखातला बूम्बा सिंह होता. तो हिंदी बोलायचा आणि मराठी घरांतली मुलेही त्याला पाहत होती.

सोंग ढोंगात कधी घसरते, हे निर्मात्यांना स्वतःलाच एकदा कळले, आणि ते प्रकरण या सगळ्या वादातले सर्वांत बोलके आहे. स्नफलअपगस हा मॅमथसारखा लोकरी प्राणी. आत दोन माणसे, एक पुढच्या पायांत, एक मागच्या. १९७१ पासून तो बिग बर्डचा मित्र. पण मोठी माणसे आली की तो नेमका निघून गेलेला असायचा आणि बिग बर्ड सांगतोय ते कुणी मानायचे नाही. पडद्यापुढच्या मुलांना तो दिसत होता. चौदा वर्षे हा खेळ चालला. मग अमेरिकेत मुलांवरच्या अत्याचारांच्या बातम्या पुढे येऊ लागल्या आणि निर्मात्यांना काळजी वाटू लागली: खरे सांगणाऱ्या मुलावर मोठे विश्वास ठेवत नाहीत, असे तर आपण मुलांना शिकवत नाही ना? १८ नोव्हेंबर १९८५ च्या भागात मोठ्यांनी स्नफलअपगसला पाहिले.

यात दुरुस्त काय केले गेले ते बघावे. लोकरी मॅमथ बोलतो, हे तसेच राहिले. पक्षी बोलतो, हेही. बदलले ते कुणाला काय ठाऊक आहे याचे वाटप. मुलाला ठाऊक असलेले मोठ्यांनी नाकारायचे, ही तेवढी गाठ सोडवली गेली. प्राण्यांच्या बोलण्याला आक्षेप घेणाऱ्यांनी या भागापाशी थोडे थांबावे.

कायद्यानेही ही रेघ ओळखली आहे, नाव न देता. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने १९७४ मध्ये असे ठरवले की मुलांच्या कार्यक्रमातल्या पात्राने त्याच कार्यक्रमाच्या आतल्या किंवा लगतच्या जाहिरातीत वस्तू विकू नये. पात्र तेच, पोशाख तोच, आवाज तोच. पण विक्री सुरू झाली की पात्राला एक गोष्ट ठाऊक असते जी मुलाला नसते. दुकानाच्या दारात, मॉलमध्ये, फोनवरच्या चित्रफितींत आज जे पोशाखातले प्राणी मुलांना हात हलवतात, त्यांना लावायची कसोटी हीच आहे, आणि तासांच्या हिशेबात ती कुठेच येत नाही.

ढोंग टाळणारे सोंग कसे असते, याचे एक उदाहरण. सेसमी स्ट्रीटवर किराणा दुकान चालवणाऱ्या मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. दुसरा नट घेता आला असता, हूपर निवृत्त होऊन दूर गेले असे सांगता आले असते. निर्मात्यांनी ते टाळले आणि मानसतज्ज्ञांशी बोलून एक भाग लिहिला. तो २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी दाखवला, मुलांजवळ घरचे मोठे असावेत म्हणून. बिग बर्डने रस्त्यावरच्या सगळ्यांची चित्रे काढली आहेत. तो एकेकाला एकेक चित्र देतो. हूपरांचे उरते, ते त्यांना द्यायला तो निघतो. मग मोठे त्याला सांगतात, तो विचारत राहतो, आणि शेवटच्या ‘का’ ला कुणाजवळच नीट उत्तर नसते. समोरच्या नटांनी आपला सहकारी खरोखरच गमावला होता, त्यांचे डोळे खरेच भरले होते. आत उजवा हात उंच धरून, छातीवरच्या मॉनिटरकडे बघत स्पिनी उभे होते. ती चित्रे त्यांनीच काढली होती. हूपरांचे चित्र पुढे अनेक वर्षे बिग बर्डच्या घरट्यापाशी टांगलेले होते.