कृतनाश, अकृताभ्यागम आणि 'डूम'

'आयडी सॉफ्टवेअर' या अमेरिकी कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसृत केलेला 'डूम' हा संगणकीय खेळ एमएस-डॉस या कार्यप्रणालीसाठी लिहिलेला होता, आणि त्याची मूळ फाईल आजच्या ६४-बिटी विंडोजवर उघडू पाहिली तर ती चालतच नाही. तरीही हा खेळ आज जगभर खेळला जातो आणि खेळणारा निःशंकपणे म्हणतो की, हा तोच खेळ आहे. हे विधान खरे मानायचे तर एवढ्या बदलांतून नेमके काय टिकून राहिले, हे सांगावे लागते. आणि आत्मा, शब्द व देह यांच्या संदर्भात भारतीय दर्शनांनी याच प्रश्नाचा शतकानुशतके खल केलेला असल्यामुळे त्याकडे निव्वळ तांत्रिक खटपट म्हणून पाहणे अपुरे ठरते.

जुना खेळ नव्या संगणकावर चालवण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग इम्युलेटरचा, म्हणजे एका यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्राचे वर्तन उभे करणाऱ्या प्रोग्रामचा होय. २००२ पासून उपलब्ध असलेला 'डॉसबॉक्स' हा असा प्रोग्राम जुना प्रोसेसर, जुने साउंड कार्ड आणि जुनी चित्रव्यवस्था यांची नक्कल करतो, आणि प्रोसेसरने दर मिलिसेकंदाला किती आज्ञा पार पाडायच्या हेही त्यात ठरवून देता येते. ही सोय चैनीची नव्हे, कारण 'विंग कमांडर' (१९९०) यासारख्या खेळांची गती प्रोसेसरच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे वेगवान यंत्रावर ते खेळता येणार नाहीत इतक्या घाईने धावू लागतात. दुसरा मार्ग पुनर्लेखनाचा आहे. डिसेंबर १९९७ मध्ये 'डूम'चा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि त्यातून नव्या यंत्रांसाठी अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिल्या मार्गात मजकूर तोच राहून यंत्र आभासी होते, तर दुसऱ्यात यंत्र प्रत्यक्ष असून मजकूर बदललेला असतो. जड द्रव्यापैकी मात्र दोन्हींत काहीही उरत नाही.

द्रव्य गेले तरी ओळख पटते, हाच एकत्वाचा पुरावा आहे असे म्हणता येईल. पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर येताच 'ही तीच' असे जे ज्ञान होते त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि आज उच्चारलेला गकार हा कालचाच गकार आहे या प्रत्यभिज्ञेच्या बळावर मीमांसकांनी शब्दाचे नित्यत्व प्रतिपादिले. बौद्धांनी यावर कापून पुन्हा वाढलेल्या नखांचा आणि दिव्याच्या ज्योतीचा दाखला देऊन उत्तर दिले की, तेथेही 'तीच' असे वाटते, पण ते ज्ञान सादृश्यातून उद्भवलेला भ्रम असतो. 'डूम'पुरता हा आक्षेप बिनतोड आहे. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा खेळ कोणीही नव्याने लिहू शकेल आणि पाहणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. उलट मूळ खेळाचे दर्शन-श्रवण १९९३ सालीही सर्वांना एकसारखे होत नव्हते. त्याचे संगीत ध्वनिमुद्रणाच्या नव्हे, तर स्वरांच्या सूचनांच्या रूपात साठवलेले असल्यामुळे साध्या साउंड कार्डावरील यामाहा चिपमधून ते एका प्रकारे ऐकू येई आणि रोलँडच्या महागड्या उपकरणातून अगदीच वेगळ्या प्रकारे. चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके असे बनलेले होते व ते चारास तीन या प्रमाणाच्या पडद्यावर पसरले जाई, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा एकपंचमांशाने उंच असे. आजच्या चौरस ठिपक्यांच्या पडद्यावर दुरुस्ती न करता तेच चित्र दाखवले तर त्यातले राक्षस बुटके दिसतात.

अद्वैत वेदान्तात 'हा तोच देवदत्त' या वाक्याचा अर्थ लावताना तेव्हाचा देशकाल आणि आताचा देशकाल हा परस्परविरोधी अंश टाकून अविरोधी अंश तेवढा ठेवतात. सदानंदाच्या 'वेदान्तसार' या ग्रंथात विवरलेल्या या रीतीस भागत्यागलक्षणा म्हणतात. ती येथे लावली तर ठिपके, स्वर आणि यंत्र हे सारे गळून पडते, पण वेदान्ताला अभिप्रेत असलेले निर्गुण चैतन्य खेळाच्या बाबतीत हाती लागत नाही, कारण काहीच न करणारा खेळ हा खेळच नव्हे. शोध घ्यायचा तो खेळ काय करतो याचा, आणि तो घेण्याचे साधन 'डूम'मध्येच आहे.

'डूम'मध्ये आपला डाव नोंदवून ठेवता येतो. या नोंदीला डेमो म्हणतात आणि तिच्यात चित्र मुळीच नसते. खेळाचा काळ सेकंदाला ३५ क्षण या हिशेबाने चालतो, आणि प्रत्येक क्षणी खेळाडूने पाऊल किती टाकले, तो किती वळला, कोणती कळ दाबली, एवढेच प्रत्येकी चार बाइटांत टिपलेले असते. नोंद पुन्हा चालवताना खेळ त्या कृती एकामागून एक करतो आणि सर्व परिणाम नव्याने घडवतो. गोळीने किती इजा व्हावी यासारख्या यदृच्छेच्या गोष्टी खेळ २५६ संख्यांच्या एका ठरीव तक्त्यावरून क्रमाने घेतो, म्हणजे येथे दैवही लिहून ठेवलेले आहे आणि त्याच्याशी पुरुषकाराची गाठ पडून फळ निपजते. १९९४ साली कोणी केलेली नोंद योग्य आवृत्तीत आज चालवली तर तीच गोळी त्याच राक्षसाला लागते, जरी ती झाडणाऱ्याचे यंत्र केव्हाच भंगारात गेले असले तरी. परंतु राक्षसाच्या वर्तनात एक लहानसा बदल केलेल्या आवृत्तीत तक्त्यातील एखादी संख्या जादा खर्च होते, पुढचा सारा क्रम सरकतो आणि काही क्षणांतच खेळाडू भिंतीवर आपटू लागतो, रिकाम्या जागी गोळ्या झाडतो व मूळ डावात ज्याने त्याला शिवलेही नव्हते अशा शत्रूच्या हातून मरतो.

बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणभरच टिकते या मतावर, वैदिक आणि जैन दार्शनिकांनी घेतलेला आक्षेप नेमका असाच होता. कर्म करणारा दुसऱ्या क्षणी उरतच नसेल तर केलेल्या कर्माचे फळ वाया जाईल आणि न केलेल्याचे भोगावे लागेल. या दोन दोषांना अनुक्रमे कृतनाश आणि अकृताभ्यागम अशी नावे आहेत. बौद्धांचे उत्तर संतानाचे होते: स्थिर कर्ता नसला तरी कार्यकारणांची अखंड परंपरा असते आणि फळ त्या परंपरेतच उमटते. बदललेल्या आवृत्तीतला फसलेला डेमो म्हणजे हे दोन्ही दोष डोळ्यांसमोर घडताना पाहणे होय, आणि न फसलेला डेमो हा संतान तुटला नसल्याचा दाखला होय. दिसण्याची कसोटी जेथे हरते तेथे ही कसोटी टिकते, म्हणून खेळाचे एकत्व त्याच्या कर्मफलनियमात आहे, असेच म्हटले पाहिजे.

हे मान्य केले की दोषांकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. मूळ 'डूम'मध्ये एकाच दृश्यात जमीन व छताचे १२८ पेक्षा अधिक तुकडे काढायची वेळ आली तर खेळ चूक दाखवून बंद पडतो. 'चॉकलेट डूम' ही मूळ वर्तनाशी प्रामाणिक राहू पाहणारी आवृत्ती, स्मृतीची कसलीही वाण नसलेल्या आजच्या संगणकावरही, ही मर्यादा जपते आणि तेथेच थांबते. अनेकांना हा हट्ट वाटतो. पण खेळासाठी नवे नकाशे रचणाऱ्यांनी हीच मर्यादा डोळ्यांसमोर ठेवून आपल्या खोल्या आखल्या, तेव्हा ती खेळाच्या नियमाचाच भाग झालेली आहे आणि ती जपणे योग्यच आहे.

जुन्या काचेच्या पडद्याची झळाळी किंवा १९९३ सालच्या खेळाडूचे नवखेपण यांतले काही परत येत नाही, आणि ते परत आणण्याचा दावाही कोणी करू नये. ज्यांना सुधारित आवृत्त्या काढायच्या आहेत त्यांनी त्या अवश्य काढाव्यात, मात्र जुने डेमो जिच्यात शेवटपर्यंत चालतात अशी एक आवृत्ती नेहमी सोबत उपलब्ध ठेवावी; आणि ज्या जुन्या खेळांचे सोर्स कोड अजून कुलपात आहेत त्यांच्या मालकांनी, ते ज्या डिस्कांवर आहेत त्या निकामी होण्याआधी, ते खुले करावेत.