देवाला खोट्या साक्षीची गरज नाहीं

शास्त्रपाठ : ईयोब १३ : १–१२, स्तोत्र १९, प्रेषितांचीं कृत्यें १७ : २२–३१



ईयोबाचे मित्र त्याच्या समाचारास आले, ते कांहीं नास्तिक नव्हते. ते देवाचे कैवारी होते. देव न्यायी आहे हें आपलें मत अबाधित राहावें म्हणून त्यांनीं एका निरपराधी मनुष्यावर पातकाचा आरोप लादला. तेव्हां ईयोब त्यांस एक झोंबणारा प्रश्न करितो. देवाचा पक्ष राखण्यासाठीं तुम्ही असत्याचा आश्रय करितां काय, असा त्याचा आशय आहे. आणि ग्रंथाच्या शेवटीं देव निवाडा देतो, तो ईयोबाच्या बाजूनें. आपल्या या कैवाऱ्यांच्या बाजूनें नव्हे. हा प्रश्न एकदां मला स्वतःला कसा लागू पडला, ती हकीकत आज सांगतों.

माझ्या सेवेच्या आरंभीं नाशिक जिल्ह्यांतील एका खेड्याची मंडळी माझ्याकडे होती. तेथला एक तरुण नाशिकास कॉलेजांत विज्ञान शिकत असे. सुटींत घरीं आला असतां त्यानें मला विचारलें, "पाळकसाहेब, मनुष्य व वानर हे एकाच प्राचीन वंशांतून आले, असें आम्हांस शिकवितात. मग उत्पत्तीचा पहिला अध्याय खरा कीं खोटा?" मला नीट उत्तर ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याची लाज वाटली. पुढल्या रविवारीं मीं व्यासपीठावरून सांगितलें कीं, डार्विननें मरणशय्येवर आपलें मत सोडून दिलें व पश्चात्ताप केला. मंडळी संतुष्ट झाली. वडील माणसांनीं माना डोलाविल्या.

पंधरा दिवसांनीं तो तरुण परत आला. ही गोष्ट खरी नाहीं, हें त्यानें शोधून काढिलें होतें. ती १९१५ सालीं अमेरिकेंतील एका बाप्तिस्ट साप्ताहिकांत छापून आली. आणि १९२२ सालीं डार्विनची कन्या हेन्रिएटा हिनें लिहून कळविलें कीं, वडिलांच्या अंतकाळीं आपण त्यांच्यापाशीं होतों व असें कांहीं घडलें नाहीं. मीं त्याचे आभार मानावयाचे, तें सोडून त्यालाच उद्धट म्हटलें. त्यानंतर तो उपासनेस आला नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं त्याच्या आईच्या दफनविधीच्या वेळीं आम्ही भेटलों. तो शांतपणें म्हणाला, "पाळकसाहेब, मला डार्विननें मंडळींतून नेलें नाहीं. तुमच्या त्या गोष्टीनें नेलें."

बंधूंनो, तें वाक्य मी विसरलों नाहीं. त्यापासून जें शिकलों, तें तीन गोष्टींत आपणांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, सृष्टीची साक्ष नाकारूं नका. आकाश देवाविषयीं बोलतें, असें एकोणिसाव्या स्तोत्राचा कर्ता मानितो. मग जमिनीचें बोलणें कोणाचें? आपल्या नाशिकचा काळा पत्थर पाहा. ज्या खडकांत पांडव लेणीं कोरलीं आहेत, तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला आहे, आणि त्याचें वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें आहे. निफाड तालुक्यांत नांदूरमध्यमेश्वर येथें आज लोक पक्षी पाहावयास जातात. तेथेंच गोदावरीच्या जुन्या गाळांत एका लुप्त जातीच्या हत्तीचे अवशेष सापडले, आणि भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं त्यांविषयीं लिहिलें. हे खडक व हीं हाडें कोणी नास्तिकानें तेथें पुरलीं नाहींत.

शेतकऱ्यास तर हा पाठ घरचाच आहे. निफाडजवळ कुंदेवाडीस गहू संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्यास बळी न पडणारा वाण काढावा, तों कांहीं वर्षांनीं तांबेराच पालटतो. त्या बुरशीच्या असंख्य बीजाणूंत एखादा थोडा निराळा निपजतो. ज्या वाणावर इतरांचें कांहीं चालत नाहीं, त्यावर तो तग धरितो. त्याची संतति वाढते. आणि भरंवशाचा वाण निकामी होतो. द्राक्षबागाईतदारहि म्हणतात कीं, कालपर्यंत गुणकारी असलेल्या औषधास रोग आतां दाद देत नाहीं. डार्विननें १८५९ सालीं जो नियम मांडिला, त्याचें मूळ हेंच आहे. थोड्या वर्षांत बुरशींत एवढा पालट होतो, तर कोट्यवधि वर्षांत जीवांच्या नव्या जाति उत्पन्न झाल्या, असें म्हणण्यास खडकांतील अवशेष व आनुवंशिकतेचा अभ्यास या दोहोंचा आधार आहे. आजच्या वानराचा मनुष्य झाला, असें कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाहीं. दोघांचे फार प्राचीन पूर्वज एक होते, एवढेंच म्हणणें आहे.

हें नाकारण्याचा मोह ख्रिस्ती लोकांसच होतो, असें नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें, तेव्हांच्या औरंगाबादेंत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीं डार्विनचें मत चुकीचें ठरविलें. वानराचा मनुष्य होतांना आमच्या पूर्वजांनीं पाहिल्याचें कोठें सांगितलेलें नाहीं, असें त्यांचें कारण होतें. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं पत्रक काढून त्यांचें म्हणणें खोडून काढिलें. २०२३ सालीं राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, तेव्हां अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं हरकत घेतली. अशा वेळीं आपण मनांतल्या मनांत संतोष मानूं नये. जग देवानें निर्माण केलें, असें आपण मानितों. तर त्या जगांत जें आढळतें तें मुलांपासून लपविण्याचें आपणांस कारण नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, पवित्र शास्त्रास त्याचें स्वतःचें बोलणें बोलूं द्या. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत प्रकाश पहिल्या दिवशीं आहे, आणि सूर्य चौथ्या दिवशीं. ही अडचण डार्विननें काढिलेली नाहीं. त्याच्या सुमारें चौदाशें वर्षें अगोदर बिशप ऑगस्टिन यांनीं या दिवसांचा अर्थ काय, याचा खल केला होता. त्यांनीं असाहि इशारा दिला कीं, सृष्टीविषयीं ज्यांस चांगलें ज्ञान आहे अशा परकीयांपुढें ख्रिस्ती मनुष्यानें शास्त्राच्या नांवावर अज्ञान बोलूं नये. नाहीं तर पुनरुत्थानाविषयीं त्याचें कोण ऐकेल? हा इशारा मीं वेळीं ऐकला असता तर!

तो अध्याय शेजारच्या राष्ट्रांस सांगत होता कीं, तुम्ही ज्या सूर्यचंद्रांस नमन करितां ते देव नव्हत. देवानें लाविलेले दिवे आहेत. आणि मनुष्य, मग तो राजा असो कीं दास, देवाच्या प्रतिरूपाचा आहे. देवानें मनुष्यास कोणत्या मार्गानें व किती काळांत घडविलें, हा शोध त्यानें आपणांकडे सोपविला. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या वेलींवर प्रथम शोधणारा मेंडेल हा ख्रिस्ती मठवासी होता. अमेरिकेंत डार्विनची बाजू घेणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धावंत ख्रिस्ती होता.

आणि एक गोष्ट आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. आपल्यांपैकीं पुष्कळांचे आजेपणजे गांवकुसाबाहेर राहिले, कारण मनुष्यें जन्मतःच निरनिराळ्या प्रतीचीं आहेत, असें त्यांस शिकविलें गेलें. पौलानें अथेनै येथें सांगितलें कीं, देवानें सर्व राष्ट्रें एकापासून केलीं. आज आनुवंशिकतेचें शास्त्र सांगतें कीं, कोणत्याहि दोन मनुष्यांच्या जनुकीय रचनेंत हजारीं सुमारें एक एवढाच फरक असतो, आणि सर्वांचे पूर्वज एकच. ज्या विद्येनें आपणांस ही साक्ष दिली, तिला शत्रु कां म्हणावें? सहा दिवस अक्षरशः घेणारे आपले बंधुहि आहेत. त्यांच्याशीं भांडूं नका. पण तें मत तारणाची अट करूं नका.

तिसरी गोष्ट ही कीं, विज्ञानाची मर्यादा ओळखा, परंतु तिच्याआड लपूं नका. पावसाळ्यांत गंगापूर धरणांतून किती क्युसेक पाणी सोडिलें, हें पाटबंधारे खातें कळवितें. गोदाकांठचे लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कोठवर चढलें तें पाहतात. दोन्ही मापें खरीं आहेत. परंतु वाहून जाणाऱ्या परक्या मुलासाठीं कोणी पुरांत उडी घालितो, तेव्हां तें कृत्य चांगलें कां, हें या मापांनीं कळत नाहीं. यांत मापांचा दोष नाहीं. तीं पाणी मोजण्यासाठीं आहेत. जें मोजतां येत नाहीं तें नाहींच, असें कोणी म्हणेल, तर हें वाक्य आपण कोणत्या मापानें मोजलें, असें त्यास नम्रतेनें विचारावें. तो विज्ञानाचा सिद्धांत नव्हे. तो त्याचा विश्वास आहे.

पण उलट बाजूनें आपणहि चुकतों. शास्त्रज्ञांस एखादें कारण सांगतां आलें नाहीं कीं, आपण म्हणतों, "पाहा, येथें देव आहे!" एके काळीं गांवोगांव लोक देवीच्या रोगास दैवी कोप समजत. लस निघाली, आणि १९८० सालीं तो रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. यांत देवाचें काय उणें झालें? जें समजलें नाहीं तेवढ्याचाच तो प्रभु नाहीं; जें समजलें त्याचाहि तोच प्रभु आहे.

नास्तिकांविषयींहि आपण सत्य बोलावें. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८९५ सालीं मरेपर्यंत जुलमी रूढींशीं झुंज दिली. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. देवाधर्माच्या नांवावर गरिबांस लुबाडणाऱ्यांविरुद्ध ते उभे राहिले होते. त्यांच्यापाशीं आपली श्रद्धा नव्हती. पण असत्याचा त्यांस जो तिटकारा होता, तो आपणांपाशीं आहे काय?

आणि डार्विन? त्याची ॲनी नांवाची दहा वर्षांची मुलगी १८५१ सालीं वारली. जीवसृष्टींत इतकें दुःख कां, हा प्रश्न त्यास सतावीत असे. तरी देवाचें अस्तित्व नाकारणारा नास्तिक आपण कधींच नव्हतों, असें त्यानें १८७९ सालीं एका पत्रांत लिहिलें. आपली मनःस्थिति अज्ञेयवाद्याची आहे, असें तो म्हणे. त्या बापाच्या दुःखास मीं मरणशय्येची बनावट कथा जोडली, हें माझें पाप. त्याच्या प्रश्नाचें उत्तर खडकांत नाहीं. खरें सांगावयाचें तर माझ्या उपदेशांतहि नाहीं. आपणांपाशीं आहे तो वधस्तंभ. दुःखाचें कारण देवानें समजावून दिलें नाहीं. तो स्वतः त्या दुःखांत उतरला. ही साक्ष आपण प्रामाणिकपणें देऊं शकतों, आणि ही कोणत्याहि शोधानें जुनी होत नाहीं.

म्हणून वडीलधाऱ्यांस माझी विनंति आहे कीं, मुलाच्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसेल, तर "ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं," असें म्हणा. मुलांनो, परीक्षेंत खरें तेंच लिहा, आणि घरीं येऊन प्रार्थनेस बसा. या दोहोंत वैर नाहीं. मी स्वतः त्या तरुणाच्या घरीं जाऊन त्याची क्षमा मागितली. त्यानें मला चहा दिला व आईची आठवण काढिली. उपासनेस तो अजून आलेला नाहीं. क्षमा मागणें माझें काम होतें. येणें न येणें त्याच्याकडे आहे. आपण त्याची जागा मोकळी ठेवूं या.

प्रार्थना : हे सत्याच्या देवा, तुझ्या नांवानें आम्हीं जें असत्य बोललों त्याची क्षमा कर. तुझी सृष्टि निर्भयपणें पाहावयास आम्हांस डोळे दे, आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें म्हणावयास धैर्य दे. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.