पहिल्या स्क्रूचा कर्ता

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, चेन्नईच्या गिंडी-अंबत्तूरच्या कारखान्यांत लेथला चंदन-कुंकू लागतं. या यंत्रात ईश्वराचा पुरावा दडला आहे, असं कोणी म्हटलं तर ते सहज पटण्यासारखं आहे. आटे पाडताना टूल सरकतं ते लीड स्क्रूच्या हुकमाने. त्याचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतलं अंतर, सहा मिलिमीटर असेल आणि आटे दीड मिलिमीटरचे हवे असतील, तर जॉबच्या चार फेऱ्यांत लीड स्क्रूची एकच फेरी होईल असे गिअर लावतात. लीड स्क्रूतली चूक नव्या आट्यांत उतरते. मग तो लीड स्क्रू कशावरून कापला? आणि त्याआधीचा? ही अनवस्था थांबवायची, तर एक निर्दोष पहिला स्क्रू आणि त्याचा निर्दोष कर्ता मानावा लागेल. न्यायदर्शनाच्या पंडितांचं, नैयायिकांचं, अनुमान याच जातीचं: घट हे कार्य, म्हणून कुंभार, जग हे कार्य, म्हणून ईश्वर.

पण पहिला स्क्रू निर्दोष नव्हताच. १८००च्या सुमारास लंडनमध्ये यंत्रकार हेन्री मॉडस्लेने मऊ धातूच्या दांड्यावर तिरकं पातं टेकवून आटे उमटवले, मग त्यांतल्या चुका निस्तरल्या. लांब नट एकाच वेळी अनेक आटे धरतो, त्यामुळे एखाद्या आट्याचा वाकडेपणा सरासरीत विरतो. नक्कल मुळापेक्षा सरस निघू शकते, हे पिढीजात ऱ्हासावर श्रद्धा असलेल्यांना जड जाईल.

कोणी म्हणेल, सगळ्याच आट्यांचा पिच सारखाच चुकला तर सरासरी काय करणार? खरं आहे, तिथे बाहेरचं माप लागतं. पण तेही आकाशातून आलेलं नाही. १९५९ साली सहा देशांनी इंच नेमका २५.४ मिलिमीटर ठरवला. मेट्रिक लेथवर इंची आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर अचूक बसतो, तो या करारामुळे.

तरी बुद्धिमान कर्ता लागलाच ना, हा आक्षेप उरतो. लागला, पण एक नव्हे, अनेक, आणि सगळे देहधारी, चुकणारे. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला जन्मलेल्या रामानुजांनी श्रीभाष्यात नेमकं इथेच बोट ठेवलं आहे. घटावरून केलेलं अनुमान फार तर घट करणाऱ्यासारख्याच कर्त्यांपर्यंत पोहोचतं. ईश्वर कळतो तो शास्त्रातून. त्यांच्या गावाभोवती आज मोटारींचे कारखाने आहेत, हा योगायोग मला आवडतो. शास्त्राचं प्रामाण्य मानावं की नाही, हा वेगळा वाद. पण हा पुरावा नाकारणारा आचार्य परम भक्त होता, हे ध्यानात घेतलं तर लेथवरच्या कुंकवाला त्या पुराव्याची गरज उरत नाही.