पाहणाऱ्याचे पाप

रोमचे कलोसियम पाहावयास गेलो, तेव्हा पायऱ्या चढून मी प्रथम काय केले असेल? जेथून आखाडा नीट दिसेल अशी जागा शोधली! इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने येथे शंभर दिवस खेळ करविले. हजारो माणसे आपापल्या दर्जाप्रमाणे बसून माणसांचे मरण पाहत. त्यांतील एकानेही स्वतःस खुनी म्हणवून घेतले नसते. तलवार दुसऱ्याच्या हाती होती ना! पण या पायऱ्या ओस पडल्या असत्या, तर ती तलवार उपसली गेली असती काय? मारणारे थोडे, पाहणारेच फार. मला जागा चांगली सापडली होती खरी. पण तेथे फार वेळ उभे राहवेना.