सातव्या पावलावरचे हसू

शंका : स्मृतिभ्रंश झालेला पती पायमोजे हातांत घालतो, सदऱ्यावर सदरा चढवतो, जेवून उठल्यावर पाचच मिनिटांत आपल्याला कुणी जेवूच घातले नाही अशी तक्रार करतो. त्याची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला अशा वेळी हसू फुटते आणि मागाहून पाप केल्यासारखे वाटते. आजारी जोडीदाराला हसणे हा अधर्म आहे काय?

समाधान : हसू फुटणे आणि एखाद्याला हसणे या भिन्न गोष्टी असून, शंका विचारणाऱ्या पत्नीने पहिलीपायी दुसरीचा दोष स्वतःवर ओढवून घेतला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हास्यरसाचे विभाव, म्हणजे तो रस जागा करणारी कारणे, सांगताना विपरीत वेष, भलत्या ठिकाणी घातलेले अलंकार आणि विसंगत वागणे यांचा उल्लेख येतो. तेव्हा हातांत पायमोजे पाहून ओठ विलग होणे हा मनाचा धर्म आहे, त्यात इच्छेचा भाग नाही आणि जेथे इच्छा नाही तेथे पापाची भाषा लागू पडत नाही. विचार करावयाचा तो त्याच्या पुढच्या क्षणाचा. भरतांनी हास्याच्या सहा पायऱ्या मानल्या असून त्यांतील स्मित आणि हसित या सौम्य पायऱ्या उत्तम प्रकृतीच्या, विहसित आणि उपहसित मध्यम, तर अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीच्या मानल्या आहेत; अपहसित म्हणजे अस्थानी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत केलेले हसणे. हे वर्गीकरण रंगभूमीसाठी केलेले आहे हे खरे, पण एकाच हास्याला इतक्या पायऱ्या असतात आणि त्यांचे मोल सारखे नसते, हे घरातल्या माणसांनीही ओळखावे असेच आहे.

आजारी माणूस त्या हसण्यात सामील होऊ शकतो की नाही, यावर त्याचे मोल ठरते. पत्नीने हसत हसत पायमोजा आपल्याही हातात चढवला आणि दोघे हसली, तर तेथे कुणाचाच अपमान झालेला नाही. तेच दृश्य मोबाइलवर टिपून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले, तर त्या हसण्यातून रुग्ण वगळला गेला आणि जिच्या विश्वासावर तो घरात उघडा वावरतो तिनेच तो विश्वास मोडला. हा दोष मात्र खरा आहे आणि तो सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. अशाच अवस्थेतल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या दुसऱ्या बाईपाशी मन मोकळे करताना दोघींना हसू आले, तर त्याची गणना यात करू नये. तो श्वास घेण्याचा मार्ग आहे.

'त्याला कुठे काय कळते' हे वाक्य अशा घरांत वारंवार ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. स्मृतिभ्रंश, ज्याला आता सर्रास डिमेन्शिया म्हणतात, हा एकच रोग नसून मेंदूच्या निरनिराळ्या विकारांतून उद्भवणारा लक्षणांचा समूह आहे. त्या विकारांत अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंददायी चित्रपटांतील तुकडे दाखवले, तेव्हा काय पाहिले हे रुग्ण लवकरच विसरले, पण पाहताना मनात उठलेली भावना त्यानंतरही टिकून राहिली. याचा अर्थ असा की, सकाळी झालेली कुचेष्टा दुपारी आठवणार नाही, पण आपल्याला कुणी तरी हिणवले हा सल दुपारी असू शकेल, आणि कारण ठाऊक नसल्यामुळे तो अधिकच बोचेल. प्रेमाने झालेल्या थट्टेलाही हाच नियम लागू पडतो, हे सेवा करणाऱ्यांनी विसरू नये.

थट्टा कोणती करावी याचेही तारतम्य हवे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात, विशेषतः मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलालगतचा भाग झिजतो त्या प्रकारात, विनोदाची आवडच बदलते, उपरोध कळेनासा होतो आणि धडपडीचा, अंगविक्षेपांचा विनोद अधिक रुचतो. ज्या दांपत्याचा सारा संसार टोमण्यांच्या खुसखुशीत जुगलबंदीवर चालला, त्यातील निरोगी जोडीदाराला हा बदल फार एकटा पाडणारा असतो. टोमणा टाकावा आणि समोरून रडू यावे, असे घडते. तेथे चाल, ताल आणि चेहरा उपयोगी पडतात. कित्येक रुग्णांत जुनी पाठ केलेली गाणी आणि ओव्या शेवटपर्यंत टिकतात. लग्नात नाव घेताना म्हटलेला उखाणा अर्धा म्हणून थांबावे, उरलेला अर्धा कदाचित समोरून येईल, आणि त्यात भलतेच नाव आले तरी हसून घ्यावे.

शंका : भारतातील राष्ट्रीय पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. म्हणजे पत्नीची सेवा करणारे पतीही थोडे नसणार. अशी पत्नी आपल्याच पतीला परका समजून 'आमचे हे येतील आता, तुम्ही निघा' असे म्हणते. त्याने तिचा भ्रम दूर करावा, की तिच्या भ्रमात सामील होऊन खोटे बोलावे?

समाधान : १९०६ मध्ये जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी ज्या स्त्रीच्या आजाराचे वर्णन विद्वानांपुढे मांडले, तिच्यातले पहिले ठळक लक्षण पतीविषयीचा संशय हेच होते, तेव्हा हा घाव या रोगाच्या पहिल्या नोंदीइतकाच जुना आहे. आपल्यात काही बिघडले आहे याची जाणीव नसणे हा रोगाचाच भाग असल्याने, लग्नाचा फोटो पुढे करून केलेला युक्तिवाद तिला पटत नाही, उलट भिववतो.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अप्रिय सत्य आणि प्रिय असत्य या दोहोंचाही निषेध आहे, तर महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा येते, ज्याने सत्यवचनाच्या आग्रहापायी लपलेल्या वाटसरूंचा ठाव दरोडेखोरांना सांगितला आणि त्याबद्दल तो नरकाचा धनी झाला. दोन्ही ध्यानात घेतली की सत्याच्या नावाने तिला रोज हरवण्याचा हट्ट गळून पडतो आणि खोटे रचण्याचीही गरज उरत नाही. 'ते येईपर्यंत ओसरीवर बसतो, तेवढ्यात चहा मिळेल काय' एवढे म्हणता येते. यात असत्य अक्षरही नाही, आणि 'कसे आहेत हो तुमचे हे?' असे विचारल्यावर स्वतःविषयी जे ऐकायला मिळेल, त्यातल्या काही गोष्टी भल्या नवऱ्याला अनेक वर्षांत ऐकायला मिळाल्या नसतील. ती फारच घाबरली असेल तर मात्र थट्टा थांबवावी, खोलीबाहेर जावे आणि थोड्या वेळाने नव्याने आत यावे.

सप्तपदीच्या मंत्रांत अन्न, बळ, धन, सुख, संतती आणि ऋतू यांच्यासाठी सहा पावले टाकून झाल्यावर सातवे पाऊल सख्यासाठी असते. पती म्हणून आपली ओळख तिच्या मनातून पुसली जाणे हे दुःख खरेच आहे, आणि ते कोणत्याही विनोदाने भरून निघत नाही. पण ज्याचे नाव आठवत नाही अशा माणसाबरोबरही चहा पिताना हसता येते, आणि त्या सख्याला ओळखपाळखीचा पुरावा लागत नाही. विनोदाकडून याहून अधिक मागू नये. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ३५ शुश्रूषागृहांत विदूषकांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात रुग्णांचे नैराश्य घटल्याचे आढळले नाही, त्यांची अस्वस्थता मात्र कमी झाली. एखाद्या पतीला महिनोन्महिने हसूच येत नसेल, झोप उडाली असेल, तर त्याने स्वतःला दोष न देता डॉक्टरांकडे जावे आणि मुलांनी त्याच्या रात्री वाटून घ्याव्यात.

शंका : स्मृतिभ्रंश झालेले घरातील वडीलधारे नैवेद्य दाखवण्याआधीच खातात, एकाच सकाळी तीनदा पूजा मांडतात, नातवंडे हसतात. देवाचा कोप होईल काय?

समाधान : कर्मकांडाचा अधिकार समज शाबूत असलेल्या माणसासाठी सांगितलेला आहे, समज गेली तेथे त्याचा दोषही गेला. चाखून ठेवलेली शबरीची बोरे वाल्मीकींच्या रामायणात नाहीत, पण भक्तिपरंपरेने ती इतक्या मायेने जपली आहेत की, उष्ट्या नैवेद्याची धास्ती बाळगण्याचे कारण उरू नये. नातवंडांना हसू द्यावे आणि आजोबांबरोबर त्यांनाही तिसऱ्यांदा आरतीला उभे करावे. फक्त पेटती निरांजने, उदबत्त्या आणि काडेपेटी त्यांच्या हाताशी ठेवू नये, पूजेच्या वेळी कुणी तरी जवळ बसावे, आणि गोडधोड वारंवार खाल्ले जात असेल तर मधुमेह लक्षात घेऊन नैवेद्याची वाटी लहान करावी.