उजव्या हाताचा संस्कार



देवाचे तीर्थ उजव्या हातावर घ्यावे, ही शिकवण आपणांस अक्षरओळख होण्यापूर्वीच मिळालेली असते. मूल डावा हात पुढे करते. आई तो हळूच मागे घेऊन उजवा पुढे करते. असे शेकडो वेळा घडले म्हणजे पुढे सांगावे लागत नाही; पुजाऱ्याची पळी दिसताच उजवा तळहात आपोआप खोलगट होतो. देहात मुरलेल्या अशा ठशालाच आपण संस्कार म्हणतो.

परंतु पक्षाघाताने हाच हात लुळा पडला तर? मेंदूचा डावा भाग देहाच्या उजव्या बाजूचे नियमन करतो. तेथील रक्तप्रवाह खंडित झाला, म्हणजे जन्मभर देवाला फुले वाहिलेला हात उचलेनासा होतो. अशा वेळी कित्येक वृद्ध देवळात येणेच सोडतात. काठीच्या आधाराने चालता येते, पण डावा हात पुढे करण्याची लाज वाटते. व्याधीहूनही हे दुःख मोठे. आणि त्यावर उपाय आहे.

मेंदूचा नष्ट झालेला अंश परत येत नाही, तथापि उरलेला मेंदू सरावाने नवी वाट पाडू शकतो, असे आजचे वैद्यक सांगते. दुबळा हात वापरण्याचे सोडले तर तो अधिकच दुबळा होतो. म्हणून वाटी धरणे, गुंडी लावणे ही नित्याची कामे, वैद्यांच्या सल्ल्याने, त्याच हाताकडून पुनःपुन्हा करवून घ्यावयाची असतात.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा आणि तो आदरपूर्वक व्हावा. हे चित्ताविषयी सांगितले असले तरी हातालाही लागू पडते. त्यांतही आदर विशेष महत्त्वाचा. आपल्याच हाताचा तिरस्कार करीत केलेला सराव टिकत नाही. अभ्यासाच्या जोडीला त्यांनी वैराग्यही ठेवले आहे. 'पूर्वी मी कसा होतो' ही आसक्ती सोडणे, हेच येथले वैराग्य होय.

तोपर्यंत प्रसाद डाव्या हाताने घ्यावा काय? अवश्य घ्यावा. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्तीने वाहिलेले पान, फूल, फळ, पाणी स्वीकारतात. हात कोणता, हे तेथे विचारलेले नाही.

आता धडधाकटांविषयी. डावा हात पुढे आलेला दिसताच आपली भुवई नकळत वर चढते. तीही देहाची सवयच. ती आपण मोडली पाहिजे. घरी वृद्धाचा घास सांडू लागताच आपण घाईने भरवू लागतो. त्याऐवजी थोडे थांबावे; त्या सांडण्यातच त्याचा अभ्यास चाललेला असतो.

येत्या एकादशीस आपल्या घरच्या वा शेजारच्या अशा वृद्धास बरोबर घेऊन यावे. त्याचा जो हात पुढे येईल, त्यावर तीर्थ पडो.

श्रीकृष्णार्पणमस्तु.